उत्क्रांतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: मुंगसापासून माकडहाडापर्यंत

उत्क्रांतीचा विषय निघाला की शाळेतली मुलं, त्यांचे पालक, कधी शिक्षकसुद्धा ठरावीक प्रश्न विचारतात. ते सगळे विचारण्यासारखेच असतात, पण त्यांची उत्तरं बहुतेक वेळा एका वाक्यात उरकली जातात आणि शंका तशीच राहते. इथे ती जरा सावकाशीने दिली आहेत.

माणूस माकडापासून झाला, असं विज्ञान म्हणतं का?

आज दिसणाऱ्या कुठल्याही माकडापासून माणूस झालेला नाही. चिंपांझी आणि आपण एका समान पूर्वजाचे वंशज आहोत. हा पूर्वज आफ्रिकेत राहत होता आणि साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. म्हणजे चिंपांझी आपला चुलत भाऊ, आजोबा नव्हे. गडकिल्ल्यांवर भेटणारी लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं यांच्याशीही आपलं नातं आहे, पण ते बरंच जुनं, अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचं.

या नात्याचा पुरावा केवळ चेहऱ्यामोहऱ्याच्या सारखेपणात नाही. चिंपांझीच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात, आपल्या पेशीत ४६. एक जोडी गेली कुठे? आपलं दोन क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तेव्हा उत्तर मिळालं. गुणसूत्राच्या टोकांना डीएनएचा एक ठरावीक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. तो मजकूर या गुणसूत्रात टोकांना तर आहेच, शिवाय मध्येही आहे. आपल्या पूर्वजांमधली दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली, त्याची ही खूण. चिंपांझीत ती दोन्ही आजही वेगवेगळी आहेत.

मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?

कारण माणूस हा उत्क्रांतीचा शेवटचा मुक्काम नाही. वानर झाडावरची पानं पचवण्यात तरबेज आहे, त्याच्या पोटाची रचनाच त्यासाठी आहे. तो आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलेला आहे, फक्त वेगळ्या दिशेने.

प्राणी गरजेनुसार स्वतःला बदलतात, असं आम्ही शिकलो. बरोबर ना?

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच आहे. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, ध्रुवीय अस्वलाला बर्फात लपायचं होतं म्हणून ते पांढरं झालं, ही वाक्यं सोयीची आहेत, पण चुकीची. कुठलाही प्राणी इच्छेने किंवा सरावाने आपल्या पिल्लांचे जनुक बदलत नाही. एकाच जातीच्या प्राण्यांत आधीपासूनच थोडेथोडे फरक असतात. परिस्थिती बदलली की त्यातले काही फरक जगायला मदत करतात. ज्यांच्याकडे ते असतात त्यांची पिल्लं जास्त जगतात आणि पुढच्या पिढीत तो फरक जास्त दिसतो. याला नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस हे दोघे स्वतंत्रपणे या विचारापर्यंत पोचले आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं.

थोडक्यात, एकटा प्राणी उत्क्रांत होत नाही, त्यांचा समुदाय होतो.

हे प्रत्यक्ष घडताना कुणी पाहिलं आहे का? की सगळं लाखो वर्षांपूर्वीचंच?

पाहिलं आहे, मोजलं आहे, आणि एकदा नव्हे. सगळ्यात सुंदर काम पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याचं. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर हे एक लहानसं ओसाड बेट. १९७३ पासून हे दोघे तिथे दरवर्षी जात राहिले. बेटावरच्या फिंच पक्ष्यांच्या पायात ते खुणेची कडी घालत, चोची मोजत, कोण कुणाचं पिल्लू याची नोंद ठेवत. १९७७ मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया लवकर संपल्या. उरल्या त्या कठीण कवचाच्या काटेरी बिया, आपल्याकडच्या गोखरूच्या जवळच्या नात्यातल्या वनस्पतीच्या. ज्यांची चोच जाड होती त्यांनाच त्या फोडता आल्या. बहुतेक फिंच मेले. जे वाचले त्यांच्या पिल्लांच्या चोची दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा सरासरी सुमारे ४ टक्क्यांनी जाड भरल्या.

खरी शिकवण मात्र पुढे आहे. १९८२-८३ मध्ये एल निन्योमुळे त्याच बेटावर धो धो पाऊस पडला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि निवडीची दिशा उलटली. आता लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. जाड चोच ‘प्रगत’ आणि बारीक चोच ‘मागास’ असं काही नसतं. त्या वर्षी, त्या बेटावर काय चालतं, एवढंच असतं.

मोझांबिकच्या गोरोंगोसा उद्यानाची कहाणी अशीच, पण वेदनादायक. तिथे १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं आणि हस्तिदंतासाठी हत्तींची बेसुमार कत्तल झाली. बिनसुळ्यांच्या माद्यांना शिकारी सोडून देत, त्यामुळे त्याच जास्त संख्येने वाचल्या. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांमध्ये बिनसुळ्यांचं प्रमाण आधीपेक्षा खूपच वाढलेलं आढळलं. एका पिढीच्या आत माणसाच्या बंदुकीने हत्तीचं रूप बदललं.

मधले दुवे सापडलेच नाहीत, असं म्हणतात. खरं आहे का?

अजिबात नाही. मी यावर जरा थांबणार आहे, कारण जगातली सर्वोत्तम उदाहरणं आपल्याच उपखंडातल्या दगडांत आहेत.

देवमासा मासा नाही. तो हवेत श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो, आणि पोहताना शेपटी माशासारखी डावी-उजवीकडे न हलवता वर-खाली हलवतो, जसा धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा हलतो. म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवर होते. पण कुठे आणि कोण?

जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जीवाश्म असलेले दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे दिले. त्या दगडांतून ‘इंडोहायस’ या प्राण्याच्या कवट्या आणि हाडं बाहेर आली. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा खूर असलेला प्राणी मांजराएवढा, दिसायला एखाद्या चिमुकल्या हरणासारखा. त्याच्या कानाच्या हाडाची एक बाजू विशिष्ट प्रकारे जाड झालेली होती. तोवर ती रचना देवमाशांच्या कुळाची खास ओळख मानली जात होती. शिवाय त्याच्या पायांची हाडं भरीव आणि जड होती, पाण्यात चालणाऱ्या पाणघोड्याच्या हाडांसारखी. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

पाकिस्तानात चार पायांचा ‘पाकिसेटस’ आणि मगरीसारखा दबा धरणारा ‘अँब्युलोसेटस’ सापडले. कच्छमध्ये ‘कच्छिसेटस’ सापडला: आखूड पाय, लांब शेपटी, थोडाफार पाणमांजरासारखा. त्याचं वर्णन सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी केलं. इजिप्तच्या वाळवंटात मिळालेल्या पुढच्या काळातल्या देवमाशांना मागचे पाय होते, पण इतके इवले की चालायला निरुपयोगी. आजच्या देवमाशाच्या पोटात कंबरेच्या हाडांचे तुकडे अजून आहेत. त्याचा आजचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा, ही गोष्ट डीएनएवरूनही पक्की झाली आहे.

एवढी सलग साखळी समोर असताना ‘दुवेच नाहीत’ हे विधान निव्वळ माहितीअभावी टिकून आहे. कच्छ आणि कालाकोट ही नावं आपल्या शाळांमध्ये लेण्यांइतकीच अभिमानाने घेतली जावीत, असं मला मनापासून वाटतं.

मुंगूस कुठलीशी मुळी खातं म्हणून त्याला नागाचं विष चढत नाही, हे खरं का?

मुळीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, पण कारण मुंगसाच्या स्नायूंत आहे. नागाच्या विषातला एक महत्त्वाचा घटक आपल्या स्नायूंच्या पेशींवरच्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटतो. मेंदूकडून आलेला निरोप मग स्नायूला मिळत नाही, श्वास घेणारे स्नायू बंद पडतात आणि माणूस दगावतो. मुंगसात या प्रथिनाची नेमकी तीच जागा बदललेली आहे, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. गंमत म्हणजे खुद्द नागातही हीच जागा बदललेली आहे. हे संरक्षण पूर्ण नाही. भरपूर विष गेलं तर मुंगूसही मरू शकतं. त्याची मुख्य मदार चपळाईवर आणि अंगावर फुलवलेल्या राठ केसांवरच असते.

सापांचा विषय निघालाच आहे तर कवड्याबद्दल सांगतो. बिनविषारी कवड्या अत्यंत विषारी मण्यारीसारखा दिसतो. गडद अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. मण्यारीला ओळखून टाळणारा शिकारी कवड्यालाही टाळतो. ज्या पूर्वजांचं मण्यारीशी साम्य जरा जास्त होतं ते जरा जास्त वाचले, आणि हे साम्य वाढत गेलं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे शेपटीकडे स्पष्ट असतात. तरीही रात्री घरात असा साप दिसला तर पट्टे बघत बसू नका. लांब राहा आणि सर्पमित्राला बोलवा.

मोराचा पिसारा तर अडचणीचाच. तो कसा टिकला?

या प्रश्नाने डार्विनही हैराण झाला होता. मोराचं पीस पाहिलं की मला मळमळतं, असं त्याने १८६० मध्ये एका पत्रात लिहिलं. उत्तरही त्यानेच दिलं: जगणं हा अर्धा भाग, जोडीदार मिळणं हा उरलेला अर्धा. लांडोर निवड करते. तिला भावणारा पिसारा पुढच्या पिढीत जातो, मग तो उडताना कितीही जड होवो. माळरानावर तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारत राहतो, त्यामागेही हेच आहे.

माणसाच्या शरीरात उत्क्रांतीच्या कोणत्या खुणा दिसतात?

भरपूर. माकडहाड ही शेपटीची उरलेली हाडं. आईच्या पोटात गर्भाला काही आठवडे शेपटी असते आणि मग ती जिरते. थंडी वाजली की अंगावर काटा येतो. दाट केस असलेल्या प्राण्यात केस उभे राहिले की ऊब टिकते आणि तो शत्रूला मोठा दिसतो. आपल्याकडे केस विरळ झाले, प्रतिक्रिया राहिली. अन्न शिजवून मऊ खायला लागल्यापासून जबडे लहान होत गेले, म्हणून अक्कलदाढेला अनेकांच्या तोंडात जागा पुरत नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो ‘क’ जीवनसत्त्वाचा पुरावा. कुत्रा, गाय, उंदीर हे प्राणी आपल्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व बनवतात. आपल्याला ते आवळा, पेरू, लिंबू यांतून घ्यावं लागतं. ते बनवायला लागणारा जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेला. तो चिंपांझीत आणि इतर माकडांतही मोडलेलाच आहे. फळं खाणाऱ्या एखाद्या दूरच्या पूर्वजात तो बिघडला, आहारातून ‘क’ मिळत असल्याने काही अडलं नाही, आणि बिघाड सगळ्या वंशजांना वारशाने मिळाला. स्वतंत्रपणे, कोऱ्या आराखड्यावरून बनवलेल्या शरीरात मोडका जनुक कशाला ठेवला असता?

जिराफाच्या मानेतली नसही अशीच. मेंदूपासून स्वरयंत्रापर्यंत जाणारी ही नस थेट न जाता छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. हा काही मीटरचा फेरा आहे. माशांसारख्या पूर्वजांना मानच नव्हती, तेव्हा तो मार्ग सरळ होता. पुढे मान लांबली, पण नस काढून नव्याने घालायची सोय उत्क्रांतीकडे नाही. जुन्या वाड्यात भिंती न पाडता खोल्या वाढवत जावं तसं हे काम चालतं. माणसाची कंबरदुखी त्यातलीच: चार पायांवर पेलण्यासाठी घडलेला कणा आपण उभा केला.

मला दूध पचत नाही. हा आजार आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. सस्तन प्राण्यांत दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर बाळपणानंतर कमी होतं. जगातल्या बहुसंख्य प्रौढ माणसांतही तेच होतं. गुरं पाळणाऱ्या काही समाजांत एका जनुकीय बदलामुळे हे विकर आयुष्यभर तयार होत राहिलं आणि तिथे तो बदल वेगाने पसरला. युरोपात जो बदल आढळतो तोच भारतातही आढळतो. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिण आणि पूर्वेकडे कमी. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांमध्ये मात्र त्याच भागात वेगळे बदल स्वतंत्रपणे झाले. महाराष्ट्रात एकाच घरात दूध पचणारी आणि न पचणारी माणसं असतात. दही-ताकात जिवाणूंनी बरीच साखर आधीच फस्त केलेली असते, म्हणून ते अनेकांना सोसतं. मुलाला ग्लासभर दुधाची सक्ती करण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावं. पोटदुखी सतत होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

निसर्ग चांगले गुण निवडतो, तर सिकलसेलसारखा आजार का टिकला?

हा प्रश्न विदर्भात आणि नंदुरबारकडे हमखास येतो, आणि तो कुणाच्या तरी घरातल्या दुखण्यातून आलेला असतो.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं. एवढ्याशा फरकामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. ज्याला हा जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळतो त्याला आजार होतो. एकाकडूनच मिळाला तर माणूस वाहक असतो, सहसा ठणठणीत. आणि अशा वाहकाला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. मलेरियाने मुलं दगावत होती अशा जंगलपट्ट्यांत वाहक मुलं जास्त वाचली, त्यामुळे जनुक टिकला. भारतात तो आफ्रिकेतून नुकता आलेला नाही. अरबस्तान-भारत भागात तो स्वतंत्रपणे उद्भवल्याचे पुरावे आहेत.

म्हणून गडचिरोलीच्या किंवा अक्राणीच्या कुटुंबाला हा आजार ‘पूर्वजन्मीचं पाप’ म्हणून सांगणं हा घोर अन्याय आहे. ज्या जनुकाने त्यांच्या पणजोबांना तापातून वाचवलं असेल, तोच दुप्पट झाला की नातवाला छळतो. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. साध्या रक्ततपासणीने वाहक कळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यात तपासणीवरच भर आहे. लग्नाआधी पत्रिकेबरोबर, खरं तर पत्रिकेच्या आधी, ही तपासणी व्हावी.

कातडीच्या रंगावरून किंवा जातीवरून कोण जास्त उत्क्रांत, हे ठरतं का?

नाही. गडद त्वचा कडक उन्हात शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व वाचवते, उजळ त्वचा कमी उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व बनवायला मदत करते. दोन्ही आपापल्या अक्षांशावरची उत्तरं आहेत. माणसांमधल्या जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कुठल्याही एका समाजाच्या आतच सापडतो, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये मांडलं आणि पुढच्या अभ्यासांत ते टिकलं. भारतीयांच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसतं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या निरनिराळ्या समूहांची मोठी सरमिसळ झाली. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नं घट्ट होत गेली. त्यातून श्रेष्ठत्व आलं नाही. काही समाजांत विशिष्ट आनुवंशिक आजार मात्र वाढले. उत्क्रांतीचं नाव घेऊन कुणी कुळाचा मोठेपणा सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

दशावतार म्हणजे उत्क्रांतीच नव्हे का?

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम ऐकला की साम्य वाटतं, आणि हा प्रश्न श्रद्धेने विचारला जातो, म्हणून उत्तरही आदरानेच द्यायला हवं. उत्क्रांती ही एकामागून एक पायऱ्यांची शिडी नाही, ती फांद्या फुटत जाणारं झाड आहे. कासव आपला पूर्वज नाही, रानडुक्करही नाही. दोघेही वेगळ्या फांद्यांवरचे आहेत. अवतारकथेत प्रत्येक रूप एका हेतूने येतं, नैसर्गिक निवडीत हेतू नसतो. दशावतार कोकणात रात्रभर रंगतो तो भक्तीसाठी आणि नाट्यासाठी, जीवशास्त्राचा पुरावा म्हणून नव्हे. त्याला विज्ञानाचा दाखला लागत नाही.

२०२३ मध्ये अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढली, हे खरं?

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा भाग वगळला गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण दहावीनंतर विज्ञान न घेणाऱ्या मुलांपर्यंत तो पोचतच नाही. देशभरातल्या १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं, आणि ते योग्यच होतं. क्षयाचे जंतू औषधांना दाद का देत नाहीत, एका वेळी अनेक औषधं आणि पूर्ण मुदत का पाळावी लागते, हे नैसर्गिक निवडीशिवाय समजावताच येत नाही. ते दहावीच्या मुलाला कळलं पाहिजे.

सह्याद्रीत उत्क्रांती कुठे बघायला मिळेल?

पावसाळ्यात ओलसर मातीत देवगांडूळ सापडतं. ते गांडूळ नाही, बिनपायांचा उभयचर आहे, बेडकाचा नातेवाईक. त्याला पाठीचा कणा आणि दात असतात. खंडाळ्याहून वर्णन झालेली एक जात आहे, इंडोटिफ्लस. तिच्याच कुळातल्या काही जाती आढळतात त्या सेशेल्स बेटांवर, तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, हिंदी महासागरापलीकडे. खाऱ्या पाण्यात हा जीव टिकत नाही, म्हणजे तो पोहत गेलेला नाही. दख्खनचा लाव्हा ओतला जात होता त्या सुमारास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला आणि एका कुळाचे दोन भाग झाले. घाटात दगड उलटून हे बघितलंत तर दगड पुन्हा होता तसाच ठेवा. त्याखालचा ओलावा गेला की देवगांडूळ जगत नाही.